हिशेब तालुक्यापर्यंत येऊ द्या: ट्रायच्या अध्यक्षांना बेळगावहून खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली यांस,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून मोबाइलबद्दल जी निवेदनं वर जातात त्यांत बहुधा एकच मजकूर असतो: रेंज नाही, टॉवर द्या. माझंही गाऱ्हाणं शेवटी तेच आहे, पण मी ते वहीखात्याच्या वाटेनं मांडणार आहे. माझी सगळी नोकरी पतसंस्थांचे हिशेब तपासण्यात गेली. बेळगावात गल्लीगणिक पतसंस्था, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. त्या कामात एक सवय अंगात भिनते. संस्थेचा एकत्रित ताळेबंद कितीही देखणा असला तरी सही करायच्या आधी शाखानिहाय कागद मागायचे. शहरातली शाखा सगळ्यांचं झाकून नेते आणि खेड्यातली शाखा वर्षभर ठेवी गोळा करून तिथं कुणालाच कर्ज देत नाही, हे एकत्रित कागदावर कधी दिसत नाही.

टेलिफोन कंपन्या आपल्याला जो हिशेब देतात त्यात हा शाखानिहाय कागद नाही. हे पत्र त्या एका कागदासाठी आहे.

दुसरं एक आधीच सांगून ठेवतो. हे सीमाप्रश्नाचं पत्र नव्हे. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथं काय व्हायचं ते होईल. आमच्या भागातून मराठीत गेलेला कुठलाही कागद त्याच फायलीला टाचला जातो, म्हणून हा खुलासा. रेंजचा त्रास कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यालाही तेवढाच आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडं मोबाइल सेवेसाठी देश बावीस सर्कलांत, म्हणजे विभागांत, वाटलेला आहे. आम्ही कर्नाटक सर्कलमध्ये. पलीकडं महाराष्ट्र सर्कल, ज्यात मुंबई नाही पण गोवा आहे. म्हणजे कोगनोळीच्या नाक्यापासून शिनोळीवरून खाली चोर्ला घाटापर्यंत आमची अख्खी हद्द या दोन सर्कलांची हद्द आहे, मग पलीकडं कोल्हापूर जिल्हा असो नाहीतर गोवा. २००४ साली आपण हिशेब वेगळे ठेवण्याचे नियम पहिल्यांदा आणले, २०१२ मध्ये ते नव्यानं केले आणि २०१६ मध्ये पुन्हा. प्रत्येक मोठ्या कंपनीनं दर वर्षी, कंपनी कायद्याखालच्या ताळेबंदाशिवाय, सेवेनुसार आणि सर्कलनुसार वेगळा हिशेब लेखापरीक्षकाच्या सहीनं आपल्याला द्यायचा. हेतू उत्तम आहे. एका सेवेतला नफा दुसरीतला तोटा झाकायला वापरला जातोय का, कंपनी स्वतःच्याच दुसऱ्या शाखेला काय भावानं सेवा विकते, हे ज्यानं बाजारावर नजर ठेवायची त्याला कळलंच पाहिजे. आणि तिमाही अहवालात आपण सर्कलनिहाय महसुलाचे आकडे छापताही. ते मी वाचतो. निवृत्त माणसाला दुसरं काय काम असतं?

पण कर्नाटकाच्या त्या एका ओळीत बेंगळुरूही आहे आणि आमगावही आहे. एकीकडं देशातलं सर्वांत मोठं आयटीचं शहर, दुसरीकडं खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्याच्या कुशीतलं गाव, जिथं पावसाळ्यात ओढे भरले की बाहेर पडणंच मुश्किल. गवाळी, पास्तोळी, कोंगळा, कृष्णापूर, देगाव, मेंढील ही नावं आपल्या कुठल्याच तक्त्यात येणार नाहीत हे मी समजू शकतो. पण खानापूर तालुकाही येत नाही, बेळगाव जिल्हाही येत नाही. कर्नाटक सर्कलची कमाई वाढली, दर ग्राहकामागची सरासरी वाढली, असं अहवाल सांगतो. कुणाची वाढली? जांबोटीच्या बाजारात रेंज हुडकत टेकाडावर जाणाऱ्या माणसानंही जुलै २०२४ मधली दरवाढ भरलीच आहे. तिन्ही खासगी कंपन्यांनी तेव्हा दर चढवले आणि ते बेंगळुरूच्या माणसाला जेवढे चढवले तेवढेच कणकुंबीच्या माणसालाही. वाढीव पैसा त्याच्या खिशातून गेला हे नक्की. त्यातला किती त्याच्या टॉवरवर, बॅटरीवर, डिझेलवर परत आला, हे सांगणारा कागद ना आमच्याकडं आहे, ना आपल्याकडं.

दर ठरवण्याची मुभा आपण कंपन्यांना दिली आहे, नवा दर लागू केला की त्यांनी आपल्याला कळवायचं एवढंच. माझा त्याला विरोध नाही. स्पर्धेमुळं फोन स्वस्त झाला हे खोटं नाही. मात्र दराला मोकळीक द्यायची तर हिशेबावरची नजर दुप्पट तीक्ष्ण पाहिजे. (अठ्ठावीस दिवसांच्या पॅकमुळं वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज मारावे लागतात हे आमच्या बाजारातल्या दुकानदारांनी आपल्या आधी ओळखलं होतं. २०२२ च्या सुरुवातीला आपण तीस दिवसांचाही एक प्लॅन ठेवायला लावला, त्याबद्दल आभार.)

सरासरी कशी फसवते हे आपल्याला मी सांगायला नको. कॉल ड्रॉपच्या बाबतीत आपणच ते मान्य केलं आहे. पूर्वी अख्ख्या सर्कलची सरासरी दोन टक्क्यांच्या आत बसली की कंपनी पास व्हायची. हजार टॉवर चांगले चालले की पन्नास टॉवर रखडले तरी चालून जायचं. ऑगस्ट २०१७ मध्ये आपण मोजण्याची पद्धतच बदलली. नुसती सरासरी बघायचं सोडून इतके टक्के टॉवर, इतके टक्के दिवस ठरलेल्या मर्यादेत असलेच पाहिजेत, असा नियम केला. ऑगस्ट २०२४ च्या नियमांत तर जिल्ह्याची पातळी आली. जिल्ह्यात चोवीस तासांहून जास्त मोठा बिघाड राहिला तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला व्हॅलिडिटी वाढवून द्यायची. कुठं सेवा आहे आणि कुठं नाही याचे नकाशेही कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर ठेवायचे. जे शहाणपण सेवेच्या मोजमापात आलं ते पैशांच्या मोजमापात का येऊ नये, एवढाच माझा प्रश्न आहे. सेवा जिल्ह्यानं मोजायची आणि पैसा सर्कलनं मोजायचा, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे कसे?

जिल्हा हे मापही आमच्यासाठी सैलच आहे. बेळगाव जिल्हा तेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, अथणीच्या कोरड्या माळापासून कणकुंबीच्या धो धो पावसापर्यंत. जुलैमध्ये पश्चिम खानापुरात वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते, डिझेल घेऊन जाणारी गाडी चिखलात अडकते आणि फोन मुके होतात. त्याच वेळी गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती व्यवस्थित बोलत असतात. जिल्हा चालूच आहे. मग बिघाड झाला की नाही? कंपनीनं नोंदवला तर झाला.

परवान्याची जुनी अटही अशीच होती. जिल्हा ‘व्यापला’ म्हणजे काय, तर जिल्ह्याचं मुख्य ठिकाण किंवा त्याऐवजी जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही एक शहर घ्यायचं आणि त्याच्या नगरपालिका हद्दीतला नव्वद टक्के भाग रस्त्यावर रेंज मिळेल असा करायचा. बेळगाव शहरात कॅम्पापासून वडगावपर्यंत फोन लागला की कागदावर जिल्हा पूर्ण. त्या काळात ही अट समजण्यासारखी होती, मोबाइल तेव्हा शहरातल्या व्यापाऱ्याची चैन होती. आज रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र रेंजवर चालतं, रोजगार हमीची हजेरी मोबाइलवरून लागते, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांचं खातं जोडायचं तर ओटीपी येतो. म्हणजे येतो असं धरून सगळी व्यवस्था उभी आहे. ड्राइव्ह टेस्टचे, म्हणजे गाडी फिरवून रेंज मोजण्याचे, आपले अहवालही मी पाहिलेत. ती गाडी शहरातून, महामार्गावरून फिरते. पुणे–बेंगळुरू रस्त्यावर रेंज उत्तमच आहे. अशी गाडी एकदा हेम्माडग्याच्या रस्त्यानं सोडून बघा.

आता हद्दीवरची गोम सांगतो, कारण ती दिल्लीतून किंवा बेंगळुरूतून दिसणं अवघड आहे. आमच्याकडचा टॉवर आणि आमच्याकडचं सिम यांचं राज्य एकच असेल याची खात्री नसते. निपाणी भागातल्या शेतात कर्नाटकाचं सिम कागलकडच्या टॉवरवर चढतं. चंदगडचा माणूस बाजाराला, दवाखान्याला, मुलांच्या कॉलेजला बेळगावातच येतो. त्याचं सिम महाराष्ट्राचं, पण दिवसभर वापरतो कर्नाटकाचा टॉवर. एके काळी यापायी रोमिंगचे पैसे कापले जायचे आणि घरबसल्या बॅलन्स संपायचा. ते थांबलं, बरं झालं. ग्राहकाच्या खिशातून रोमिंग गेलं, पण हिशेबातला गुंता तसाच राहिला. रिचार्जचा रुपया ज्या सर्कलचं सिम त्या सर्कलच्या वहीत, आणि टॉवरचं भाडं, वीज, डिझेल पलीकडच्या सर्कलच्या वहीत. मध्ये कंपनी स्वतःशीच देवाणघेवाण दाखवते. बेंगळुरूला किंवा पुण्याला या नोंदीनं काही फरक पडत नाही, कारण तिथं हद्द जवळ नाही. आमच्यासारख्या पट्ट्यात मात्र दोन्हीकडचे हिशेबनीस सांगू शकतात की इथं उत्पन्न नाही. कर्नाटकवाला म्हणेल, इथले टॉवर महाराष्ट्राचीच सिमं वापरतात. महाराष्ट्रवाला म्हणेल, आमच्या टॉवरवर बोजा टाकणारी गिऱ्हाइकं आमची नव्हेत. उत्पन्न नाही म्हणून नवा टॉवर नाही. दोघंही आपापल्या वहीपुरते खरंच बोलत असतील, म्हणून तर दोन वह्या एकत्र लावून बघणारा तिसरा माणूस लागतो. तो तिसरा माणूस म्हणजे आपण.

कंपनीच्या शब्दावर हिशेब सोडला की काय होतं याचा अनुभव देशानं घेतलेला आहे. तो इतका महाग पडला की जरा सविस्तर लिहितो. १९९९ च्या धोरणानं कंपन्यांची ठरावीक परवाना फी माफ करून उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. सवलत मोठी होती, पण तिचा अर्थ असा की उत्पन्न किती हे आधी कंपनीनं सांगायचं. तिमाही संपली की पंधरा दिवसांत, आणि शेवटच्या तिमाहीचे २५ मार्चपर्यंत, कंपनीनं स्वतःच हिशेब करून पैसे भरायचे. मागाहून दूरसंचार विभागाची संचार लेखा कार्यालयं वजावटी तपासणार. उत्पन्नात काय धरायचं आणि काय नाही यावरून २००३ मध्ये जे भांडण सुरू झालं ते २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मिटलं. सोळा वर्षं. तेवढ्या काळात व्याज, दंड, दंडावरचं व्याज साचत गेलं. विभागाच्या हिशेबानं व्होडाफोन आयडियाकडं ५८ हजार कोटींच्या वर आणि एअरटेलकडं जवळपास ४४ हजार कोटी थकले. पुढं ते फेडायला दहा वर्षांची मुदत मिळाली. थकलेल्या रकमांचे शेअर करत करत आज व्होडाफोन आयडियाची जवळपास निम्मी मालकी सरकारकडं आली आहे. म्हणजे बीएसएनएल पूर्ण सरकारी, ही अर्धी सरकारी, आणि आपण सरकारच्याच कायद्यानं नेमलेले पंच. यात कुणाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण पंचाचे कागद उघडे असण्याची गरज त्यामुळं वाढली, एवढं तरी कुणीही मान्य करील.

याच काळात महालेखापरीक्षकांनाही खासगी कंपन्यांच्या वह्या बघू द्यायच्या का यावर वाद झाला. ‘आम्ही खासगी, आमचा हिशेब त्यांनी का बघावा’ असा कंपन्यांचा सवाल होता. उत्पन्नात सरकारचा वाटा आहे, तेव्हा त्या उत्पन्नाचा हिशेब तपासता येतो, असं एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. त्यानंतर २०१६ च्या अहवालात आकडा आला: सहा कंपन्यांनी २००६-०७ ते २००९-१० या चार वर्षांत सुमारे ४६ हजार कोटींचं उत्पन्न कमी दाखवलं होतं. कसं, ते बघण्यासारखं आहे. एक सोपी रीत म्हणजे वितरकाला, दुकानदाराला दिलेलं कमिशन आणि सूट आधीच वजा करून उरलेली रक्कम उत्पन्न म्हणून लिहायची. खडेबाजारातल्या एखाद्या रिचार्जवाल्यानं विक्रीकराच्या वेळी असं केलं असतं तर त्याच दिवशी त्याच्या दुकानात माणूस येऊन बसला असता.

परवाना फी हा दूरसंचार विभागाचा प्रांत आहे, आपला नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण वही तीच आहे. तिच्यातलं एक पान विभाग बघतो, एक आपण, एक महालेखापरीक्षक. ग्राहकाला कुणीच एकही पान दाखवत नाही.

बिलांच्या अचूकतेसाठी आपण दर वर्षी वेगळी तपासणी करवता. २००६ च्या नियमांपासून ती चालू आहे. त्यात लेखापरीक्षक आपल्या यादीतला, पण त्या यादीतून निवडायचा कंपनीनं आणि त्याची फी द्यायचीही कंपनीनंच. आमच्या पतसंस्थांचंही थेट असंच आहे, म्हणून या व्यवस्थेची मर्यादा मला आतून माहीत आहे. फी देणाऱ्याकडं किती वेळा मान वर करून बघता येतं? तरीही त्या तपासणीतून जादा वसुली सापडते. ती ग्राहकाला परत करायची आणि ज्याला परत करता येत नाही ती ग्राहक शिक्षण व संरक्षण निधीत भरायची, असा २००७ चा नियम आहे. कर्नाटक सर्कलमध्ये कोणत्या कंपनीची तपासणी कुणी केली, त्यांना काय सापडलं आणि त्यापैकी किती निधीत गेलं, हे एका पानावर दर वर्षी लावायला काय हरकत आहे?

त्याहून मोठा निधी दुसरा आहे. कंपनीच्या समायोजित, म्हणजे ठरलेल्या वजावटी काढून उरलेल्या, महसुलाच्या दर शंभर रुपयांमागं आठ रुपये परवाना फी म्हणून जातात, त्यातले पाच २००२ पासून दुर्गम भागात फोन पोचवण्याच्या नावानं. त्याला पूर्वी सार्वत्रिक सेवा निधी म्हणायचे, २०२३ च्या कायद्यानं त्याचं डिजिटल भारत निधी असं नामकरण झालं. पैसे आधी देशाच्या एकत्रित निधीत जमा होतात आणि संसदेनं मंजुरी दिली की बाहेर येतात. याच पैशातून जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांत फोर-जी नेण्याची २६ हजार कोटींची योजना मंजूर झाली आणि ती बीएसएनएलकडं दिली गेली. चांगली गोष्ट आहे, आमच्या डोंगरातल्या गावांना आशा आहे तर तिचीच. पण विचार करा: खानापूरच्या माणसानं रिचार्ज मारला की त्याच्या पैशातून खानापूरसारख्या भागासाठीच एक वाटा बाजूला निघतो. तो वाटा तालुक्यातून किती निघाला आणि तालुक्यात किती आला, या दोन आकड्यांची भेट कधीच होत नाही.

कंपन्या यावर काय म्हणतील तेही मांडतो, नाहीतर पत्र एकांगी होईल. म्हणतील, तालुकानिहाय उत्पन्न काढताच येत नाही, स्पेक्ट्रमची किंमत सर्कलसाठी भरलेली, ती तालुक्यावर वाटायची कशी? प्रश्न रास्त आहे. सामाईक खर्च वाटताना हिशेबनिसाला पाहिजे ते दाखवता येतं, हे मी नाकारत नाही. म्हणून स्पेक्ट्रम, मुख्यालय, जाहिरात हे सगळं बाजूला ठेवा. फक्त जे थेट त्या जमिनीवर आहे तेवढं सांगा: किती टॉवर, वर्षात त्यांवर केलेला नवा खर्च, भाडं-वीज-डिझेल, किती तास बंद, आणि त्या पत्त्यावर नोंदलेल्या सिमांचे रिचार्ज. यातली एकही गोष्ट कंपनीला नव्यानं शोधावी लागत नाही. ग्राहकाचा पत्ता सिम घेताना लिहून घेतलेला असतो. प्रत्येक कॉलच्या नोंदीत कुठल्या टॉवरवरून झाला ते असतं. प्रत्येक टॉवरचा ठिकाणा सरकारकडं आहे, तरंग संचार नावाच्या सरकारी संकेतस्थळावर तो नकाशात बघताही येतो. ज्या कंपनीला मी बेळगावातून गोव्यात शिरलो की दुसऱ्या मिनिटाला स्वागताचा मेसेज पाठवता येतो, तिला माझा तालुका ओळखता येत नाही यावर विश्वास कसा ठेवायचा?

दुसरं म्हणतील, हे व्यापारी गुपित आहे. स्पर्धकाला कळेल. बेंगळुरूतल्या एखाद्या महागड्या पेठेबद्दल हे खरं असेल. कणकुंबीत कसली स्पर्धा? जिथं कुणीच टॉवर लावायला राजी नाही तिथलं गुपित राखून कुणाचं काय राखलं जातं? तरी हवं तर कंपनीचं नाव न घालता सगळ्यांची बेरीज छापा. आम्हाला भांडण कंपनीशी कमी आणि अंधाराशी जास्त आहे.

तिसरा अडथळा खरा आहे: वन. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं टॉवर काय, वीज न्यायलाही परवानगीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. जंगल राहिलं पाहिजे याबद्दल दुमत नाही, मलप्रभा तिथूनच येते. पण परवानगीसाठी अर्ज केला होता का, केव्हा केला, कुठं अडला, हेही त्याच कागदावर आलं तर ‘वनखातं देत नाही’ या सबबीची खरी-खोटी बाजू कळेल. अभयारण्याच्या बाहेरच्या गावांनाही हीच सबब ऐकवली जाते, ती तरी थांबेल.

तक्रारींचं एक सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबानं गावात आठवडाभर फोन बंद असल्याची तक्रार एका कंपनीकडं केली. नंबर मिळाला. थोड्याच दिवसांत, बाजारच्या गावी आल्यावर, मेसेज दिसला की आपली तक्रार सोडवली आहे. गावात तोवर फोन बंदच. आपल्या तक्रारींबाबतच्या २०१२ च्या नियमांत अपील आहे, तक्रार सुटली नाही तर तीस दिवसांत करायचं, एकोणचाळीस दिवसांत निकाल. पण ते करणार कोण, आणि करणार कुठून? रेंज नाही याची तक्रार रेंज असलेल्या ठिकाणी जाऊनच करता येते. कंपनीच्या अहवालात मात्र ही तक्रार मुदतीत सुटलेली म्हणून मोजली गेली असणार, कर्नाटकाच्या इतर हजारो तक्रारींबरोबर.

कायद्यानं आपले हात बांधलेले आहेत असंही नाही. १९९७ च्या आपल्या कायद्याचं १२ वं कलम आपल्याला कुठल्याही कंपनीकडून माहिती मागवण्याचा, चौकशी नेमण्याचा, वह्या तपासण्याचा अधिकार देतं. ११ व्या कलमात काम पारदर्शकपणे करायची सक्ती आहे. कॉल ड्रॉपमागं एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा आपला नियम २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला तेव्हा याच पारदर्शकतेवर बोट ठेवलं होतं. त्या निकालानं आपण नाउमेद झाला असाल. मी आता जे मागतोय त्यात कंपनीला एक रुपयाचाही दंड नाही. नुसता तक्ता आहे.

म्हणून विनंती अशी. हिशेब वेगळे ठेवण्याच्या २०१६ च्या नियमांना एक पुरवणी जोडून जिल्हानिहाय तक्ता सक्तीचा करावा, आणि सर्कलच्या हद्दीला लागून असलेल्या तालुक्यांसाठी तो तालुक्यापर्यंत न्यावा. सगळ्या देशात एकदम जमणार नसेल तर बेळगाव, कारवार (म्हणजे उत्तर कन्नड), बिदर या हद्दीवरच्या जिल्ह्यांपासून सुरुवात करावी. कारवारचं नाव मुद्दाम घेतो, कारण सुपा, हल्याळ भागाची अवस्था आमच्यासारखीच, आणि आमचा खानापूर तालुका जिल्ह्यानं बेळगावात असला तरी लोकसभेला उत्तर कन्नडात आहे. दोन्ही खासदार एकमेकांकडं बोट दाखवायला मोकळे! हद्दीवरच्या टॉवरवर दुसऱ्या सर्कलची किती सिमं चालतात हे दोन्ही सर्कलांच्या वह्यांत सारखंच दिसलं पाहिजे, आणि जुळत नसेल तर लेखापरीक्षकानं तसा शेरा लिहिला पाहिजे. बिघाडाचे तास आणि तक्रारी पिनकोडनं मोजाव्यात. तक्ता इंग्रजी-हिंदीबरोबर कन्नड आणि मराठीतही लावावा. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असलेल्या भागात सरकारी सूचना त्यांच्या भाषेत देण्याचं तत्त्व देशानं केव्हाच मान्य केलेलं आहे, मी नवीन काही मागत नाही.

कर्नाटकाचं काम बघणारं आपलं प्रादेशिक कार्यालय बेंगळुरूत आहे आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक मेळावे घेतं. पुढचा मेळावा खानापुरात घ्यावा, आणि शक्यतो जुलैत. कंपन्यांचे जनसंपर्काचे अधिकारी आले नाहीत तरी चालेल, हिशेब बघणारे आले पाहिजेत. गेल्या तीन वर्षांत तालुक्यात किती टॉवर नवे लागले, किती बंद पडले, डिझेलवर काय खर्च झाला, एवढे कागद त्यांनी बरोबर आणावेत. वाचून दाखवायला आमच्यातले चार-दोन निवृत्त हिशेबनीस हजर राहतील. आम्हाला फी नको, चहा आमच्याकडून.

आपला,
बेळगावातील एक निवृत्त हिशेब तपासनीस

प्रत: नियंत्रक, संचार लेखा, कर्नाटक, बेंगळुरू, आणि बेळगाव, चिकोडी व उत्तर कन्नडचे खासदार